त्याच्या वाट्याची भीती

मावशी, नमस्कार.

मी एरंडोलचा, वय ३३. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे. मी आणि माझा मित्र आठ वर्षांपासून रोज सोबत जातो-येतो. सुट्टी मागेपुढे होते म्हणून गाड्या दोन. डिसेंबरात एका संध्याकाळी पाळधीच्या पुढे त्याचा अपघात झाला. त्या दिवशी एका मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती. गिरणेच्या पुलाआधी तो म्हणाला, चहा घेऊ. मीच म्हटलं, "चाल ना भो, वांगे भाजाले टाकी दिधात त्यास्नी." तो पुढे, मी मागे. तो केळीच्या ट्रकमागे होता. ट्रकने अचानक उजवीकडे कट मारला आणि समोर कापसाची ट्रॉली, मागे लाइट नाही, रेडियम नाही. मी सगळं पाहिलं. हेल्मेट त्याच्या आरशाला अडकवलेलं होतं. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार, चार दिवस आयसीयू. त्याला पुलापासून पुढचं काहीच आठवत नाही.

आता सात आठवडे झाले. तो कॉटवर बसून म्हणतो, "काय व्हत नई भो, दोन महिन्यात गाडी काढतो." आणि इकडे समोर ट्रक आला की माझे हात आखडतात. रात्री तीनला त्या आवाजाने जाग येते. बायको म्हणते, गाडी इकी टाका. कामावर जायला दुसरं साधन हाताशी नाही. त्याला आम्ही घाईत एका चारचाकीत कोंबून नेलं, तेही चुकलं असं कोणी म्हणतं. गाडी विकू का? आणि त्याला कसं थांबवू?

— एक भाचा

अरे भाचा,

मावशी म्हटलंस म्हणून अरे-तुरे करते.

गाडी विकायची की नाही त्यावर येतेच. पण पत्रातलं एक वाक्य तू पटकन लिहून पुढे निघून गेलास आणि मी तिथेच थांबले. त्याला पुलापासून पुढचं काही आठवत नाही. डोक्याला मार बसला की हे होतं. मेंदू ती मिनिटं साठवूच शकत नाही, त्यामुळे ती पुढे कधी परतही येत नाहीत बहुधा. त्याच्या लेखी पूल होता आणि नंतर एकदम आयसीयूचं छत. मधला ट्रकचा कट, ट्रॉली, तो आवाज, रस्त्यावरचं रक्त, फोन करताना थरथरणारी बोटं हे सगळं एकट्या तुझ्याजवळ आहे. अपघात त्याला झाला आणि आठवतो तुला. तो "काय व्हत नई" म्हणतो त्यात धाडस वगैरे काही नाही रे, त्याला माहीतच नाही काय झालं ते. त्याच्या वाट्याची भीतीसुद्धा तूच घेऊन हिंडतोयस, आणि ती घेऊन रोज सकाळी ट्रकमागे लागतोस. हात आखडणारच.

म्हणून पहिलं काम: जाऊन त्याला सांग. घरात बायका-पोरं नसतील अशा वेळी, चहाबिहा झाल्यावर. "तुला आठवत नाही, मला आठवतं, एकदा ऐकून घे." उपदेश नको, "हेल्मेट घातलं असतंस तर" नको. पूल ओलांडला तिथपासून गाडीत घातलं तिथपर्यंत, जे दिसलं ते क्रमाने सांग. मध्येच तो हसेल, विषय बदलेल. बदलू दे, पण पुन्हा तिथेच ये. तुझा दुसरा प्रश्न होता त्याला कसं थांबवू. दहा भाषणांनी जे होणार नाही ते या एका सांगण्याने होईल असं मला वाटतं, कारण आजपर्यंत सगळ्यांनी त्याला सल्ले दिले असतील, गोष्ट कोणी सांगितली नसेल. ती दुसऱ्या कुणाला माहीतच नाही.

आता ती संध्याकाळ जरा उलगडू. आपल्याकडे अपघाताच्या गोष्टी दोनच प्रकारे सांगतात. एक तर "वेळ खराब होती", नाहीतर "त्या ट्रॉलीवाल्याने मारलं". आणि गाडीवरून पडलेला माणूस म्हणतो "गाडी स्लिप झाली", जणू आपण तिथे नव्हतोच. मीही हेच म्हणत होते. चोवीस वर्षांपूर्वी सावद्याहून फैजपूरला येताना केळीच्या ओल्या पानांवरून माझी मोपेड घसरली, मनगट मोडलं. वर्षभर सगळ्यांना "स्लिप झाली" सांगितलं. खरं म्हणजे पानं मला लांबूनच दिसली होती आणि त्यांच्यावरच मी ब्रेक दाबला होता. हे स्वतःशी कबूल केलं त्या दिवसापासून हिरवं काही दिसलं की पोटात येणारा गोळा कमी झाला. आधी मला सगळ्या रस्त्याची भीती होती. मग ती ओल्या पानांवर ब्रेक दाबण्यापुरती उरली, आणि तेवढी बरीच.

तुझी भीतीही अशी आवळून लहान करता येईल. हिशेब बघ. ताशी ६० ने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. समोर काही दिसलं, डोक्याला कळलं आणि हातपाय ब्रेकवर गेले यात दीड सेकंद धर, त्यात पंचवीस मीटर गेले. मग ब्रेक लागून गाडी थांबायला, कोरडा रस्ता आणि चांगले टायर असले तरी, आणखी वीस-पंचवीस. म्हणजे जवळपास पन्नास मीटर. हेच ताशी ४० ला सत्तावीस-अठ्ठावीस मीटरमध्ये भागतं. आणि तुझा मित्र ट्रकच्या मागे किती अंतरावर होता? तू मागून पाहिलंस, तुला माहीत आहे. आपण सगळेच दहा-बारा मीटरवर चालवतो, मध्ये कोणी घुसू नये म्हणून, शिवाय ट्रकमागे वारा कमी लागतो. ट्रकवाला उंचावर बसलेला, त्याला ट्रॉली आधी दिसली, त्याने स्टेअरिंग फिरवलं. पडदा ओढल्यासारखा ट्रक बाजूला झाला आणि मागच्याच्या वाट्याला एक सेकंदसुद्धा उरला नाही. त्या एका सेकंदात जगातला कुठलाही चालवणारा थांबला नसता. चुकायचं ते त्याच्या कितीतरी आधी चुकलं होतं, ट्रकमागे लागला तेव्हाच.

म्हणून तुझे हात ट्रक दिसला की आखडतात ते मला बिघाड वाटत नाही. ते बरोबर सांगतायत. त्यांचं ऐक. समोर मोठी गाडी आली की अंतर सोड. रस्त्यालगतचा एखादा खांब किंवा निंबाचं झाड धर. ट्रकचा मागचा भाग त्याच्यापाशी आला की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हण. तिन्ही म्हणून झाल्यावरच तू तिथे पोचायला हवास. अंधारात आणि पावसात चार म्हण. मध्ये कोणी घुसलं तर घुसू दे, पुन्हा मागे हो. रोज दहा जण घुसले तरी घरी पोचायला दोनेक मिनिटं उशीर होईल. दुसरी गोष्ट, ट्रकच्या आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस. आणि क्लीनर बाजूने ट्रक काढायचा नाही, कधीच नाही, जळगावात खोटेनगरापासून अजिंठा चौफुलीपर्यंत गर्दीत मुंगीच्या पावलाने चाललेला असला तरी. तिकडे वळताना मागचं चाक आत येतं.

तुमच्या रस्त्याची एक खोड तुझ्या लक्षात आली आहे का? एरंडोलहून जळगावला निघालास की तोंड पूर्वेला, परतताना पश्चिमेला. म्हणजे सकाळी सूर्य डोळ्यांत आणि संध्याकाळीही डोळ्यांत. डिसेंबरात तर तुमची सुट्टी होते तेव्हा तो बुडालेला असतो, समोरचं आभाळ अजून उजळ आणि खाली रस्ता काळा. अशा वेळी बिनलाइटची काळपट ट्रॉली, वर कापसाची ताडपत्री, जमिनीतूनच उगवल्यासारखी दिसते. साध्या मोटरसायकलचा डिपरचा उजेड तीस-चाळीस मीटरच्या पुढे फारसा कामाचा नसतो. आत्ताच हिशेब केला, साठला थांबायला पन्नास लागतात. तुझ्या उजेडापेक्षा तुझी गाडी पुढे पळतेय. कापूस जिनिंगला जातो तो हंगाम आणि भरताचा हंगाम एकच, हे आपल्या खान्देशाचं दुर्दैव म्हण किंवा काही म्हण. दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत, अंधार पडल्यावर, पुलापासून घरापर्यंत पंचेचाळीसच्या वर जायचं नाही. आणि आरशातली धूळ, हेडलाइटच्या काचेवरची धूळ रोज पुसायची, रुमालाने.

रविवारी एखाद्या मोकळ्या मैदानावर जा. पुढचा ब्रेक आपल्याकडे लोक घाबरून वापरतच नाहीत, "पुढचा मारला की गाडी उलटते" हे कोणीतरी लहानपणी डोक्यात भरवलेलं असतं. ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम तेच चाक करतं. झटक्याने आवळायचा नाही, पिळत न्यायचा, दोन्ही ब्रेक मिळून, हँडल सरळ ठेवून. वीसला कर, तीसला कर, चाळीसला कर. आणि नजर ज्या फटीतून निघायचंय तिथे ठेवायची सवय लाव, कारण गाडी नजरेच्या मागे जाते. ट्रॉलीकडे बघत राहिलास तर ट्रॉलीवरच जाशील. आखडलेल्या हातांना या मैदानाइतकं दुसरं औषध मला माहीत नाही.

हेल्मेटचं काय सांगू! आपल्याकडे ते आरशाला, कोपराला, पेट्रोलच्या टाकीवर, सगळीकडे असतं. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत डोकं शिजतं, खरंय, मीही शिजलेय. पण डिसेंबरात काय कारण होतं? २०२२ साली देशात हेल्मेट न घालता मेलेल्यांचा सरकारी आकडा ५०,०२९ आहे. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. हा दुसरा आकडा बायकोला सांग, आणि तिच्यासाठी दुसरं हेल्मेट आण. आयएसआय खूण बघून घे, रस्त्याकडेच्या ढिगातलं नको. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतका घट्ट. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे डोक्यावर पालथं घातलेलं पातेलं, पहिल्या धडकेला ते निघून जातं. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, वरून चकचकीत दिसलं तरी आतलं थर्मोकोल दबलेलं असतं.

आता चहा. तू पत्रात तो एकाच वाक्यात उरकलास, पण मला वाटतं झोपेतून तोच उठवतो. चहाला थांबला असता तर ट्रॉली पुढे निघून गेली असती, हे तुझ्या डोक्यात फिरतंय ना? गेली असती, आणि कदाचित दुसरी भेटली असती. त्या ट्रॉलीला मागे लाइट नव्हता याला तू जबाबदार नाहीस. हेल्मेट आरशाला होतं याला तू जबाबदार नाहीस. पण मी तुला खोटं बरंही वाटू देणार नाही. घाई होती आणि ती तुम्हा दोघांची होती, वांग्यांसाठी होती. भरीत गार खाल्लं तरी चालतं रे. तेवढा वाटा घे, बाकीचा ज्याचा त्याला दे. आणि मित्राला गोष्ट सांगशील तेव्हा चहाचं सांगायला विसरू नकोस. माझा अंदाज आहे, तो हसेल.

जाग येण्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. डोळ्यांसमोर असं काही घडलं की पहिले काही आठवडे आवाज, चित्रं परत येतात, ते बहुतेकांना होतं. महिना उलटून गेला तरी कमी होत नसेल तर माणसाने मदत घ्यायची. तुझे सात आठवडे झालेत. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर मदतीचा फोन आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. कारखान्यात कुणाला सांगायची गरज नाही. बायकोला मात्र सांग. हात आखडतात हे तिला बोललायस का? मला शंका आहे. तिला तुझ्या गाडीचा राग आहे असं तुला वाटतंय, पण त्या रात्री घरी आलेला फोन तिने उचलला असेल, तिच्याही डोक्यात काहीतरी अडकलेलं असेल.

चारचाकीत कोंबून नेलं ते चुकलं म्हणणारे त्या रस्त्यावर हजर होते का? बिनउजेडाच्या हायवेवर जखमी माणूस पडलाय, मागून गाड्या येतायत, तुम्ही त्याला उचललंत आणि तो जगला. पुढच्या वेळी, देव करो आणि न येवो, आधी मागची वाहनं थांबवायची, १०८ ला फोन लावायचा, आणि हलवावंच लागलं तर तिघाचौघांनी मान आणि पाठ एका रेषेत धरून, आडवं. हेल्मेट असेल तर ते ओढून काढायचं नाही. आणि जमलेल्या बघ्यांना मोठ्याने सांगायचं की मदत करणाऱ्यावर केस होत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ अ आहे, पोलिस नाव सांगायलासुद्धा जबरदस्ती करू शकत नाहीत. २०२५ च्या मेपासून रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या हॉस्पिटलात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता मिळण्याची योजनाही आहे, ते गावात चार जणांना माहीत असू दे. मित्राच्या घरच्यांना सांग, नुकसानभरपाईच्या अर्जाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. सात आठवडे तर गेलेच. वकिलाकडे आत्ता जा.

त्याने गाडी कधी काढायची हे तो ठरवणार नाही, तूही नाही, हाडाचा डॉक्टर ठरवेल. मांडीच्या हाडाला दोन महिने म्हणजे अजून काहीच नाही. लाल दिव्यावर थांबताना सगळं वजन ज्या पायावर पडतं तो पाय तेवढा भार घेईल का, अचानक ब्रेक दाबेल का, हे बघावं लागतं. डोक्याचंही विचारा. चक्कर, विसरणं, उगाच चिडचिड, उजेड सहन न होणं असं काही असेल तर डॉक्टरला सांगा, कारण हे पेशंट स्वतः सांगत नाही. मधल्या काळात तो तुझ्या मागे बसून यायचं म्हणेल. हेल्मेट घालून बसला तर आण. नाही घातलं तर एसटी.

तर गाडी विकू का? मोटरसायकल धोक्याची नाही असं मी तुला सांगणार नाही. ती धोक्याचीच आहे. सगळं नीट केलंस तरी बिनलाइटची ट्रॉली असणार, दुभाजकाच्या कटमधून कोणी उलटा येणार, रॉंग साइडने दुधाचे कॅन घेऊन कोणी येणार. पोट भरायला कामावर जावं लागतं, सगळ्यांना चारचाकी परवडत नाही, म्हणून आपण हा धोका घेतो, हौसेने नाही. पण रोज घ्यायलाच हवा असंही नाही. कापसाचा उरलेला हंगाम एसटीचा पास काढून बघ. वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस जाता येतं. ज्या शिफ्टला बस जुळते तेवढ्या दिवशी बस, बाकी दिवशी गाडी. मैदानावरचं काम सुरू ठेव. फेब्रुवारी संपेपर्यंत हात सैल झाले तर गाडी ठेव. नाही झाले तर विक, आणि त्यात लाज कसली? पण भीतीच्या पहिल्या झटक्यात विकशील तर सहा महिन्यांत मित्राच्याच मागे बसून जायला लागशील, ते मला नको आहे.

आणि एक काम राहिलं. त्या संध्याकाळी शेतात वांगी भाजत होता त्या मित्राकडे ट्रॅक्टर असेलच. जाऊन त्याच्या ट्रॉलीच्या मागे बघ, लाल रेडियम लावलंय का, टेल लॅम्पची वायर जोडलेली आहे की उंदराने खाल्ली आहे. नसेल तर रेडियमचा एक रोल घेऊन जा आणि त्याच्या देखत चिकटव. भरीत तेव्हा खा.

— मावशी